शिंपला उपाशी आहे!

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मामाच्या गावी जाता. पूर्णेच्या नाहीतर वर्धेच्या पात्रात गुडघाभर पाण्यात डुंबताना पायाखाली रेतीत काहीतरी टणक लागतं. उचलून पाहता तर काळपट हिरवा, तळहाताएवढा शिंपला! दोन्ही झाकणं घट्ट मिटलेली. "अबे, हा जित्ता आहे!" कोणीतरी ओरडतं. मग तो शिंपला डब्यात बसून अमरावतीला किंवा अकोल्याला येतो आणि घरातल्या काचेच्या टाकीत, गप्पी आणि मॉली माशांच्या शेजारी राहायला लागतो.

पहिले दोन-चार दिवस घरात मोठी गंमत असते. पाहुणे आले की आधी शिंपला दाखवला जातो. मग हळूहळू सगळे त्याला विसरतात. माशांना रोज सकाळी दाणे मिळतात. शिंपल्याला काय मिळतं? कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, "तो पाण्यातली घाण खातो. त्याला वेगळं काही लागत नाही."

आणि मग एक दिवस टाकीतून कुजका वास यायला लागतो. पाणी दुधाळ होतं. मासे वर येऊन धापा टाकू लागतात. शिंपला मेलेला असतो. बहुतेक वेळा त्याला कुठला रोग झालेला नसतो. तो कित्येक आठवडे उपाशी असतो. कुत्रा उपाशी असला तर भुंकतो, मांजर पायाशी घुटमळतं. शिंपला बिचारा कवच मिटून गप्प बसतो, म्हणून त्याची भूक कुणाला दिसतच नाही.

तर मित्रांनो, आज ह्या मुक्या पाहुण्याच्या ताटात काय वाढायचं ते पाहू.

आजीची शिंपी

शिंपल्याची आणि आपली ओळख तशी जुनीच आहे. उन्हाळ्यात लोणच्याच्या कैऱ्या आल्या की पूर्वी घरोघरी एक शिंपी बाहेर निघायची. शिंपीची फुगीर पाठ दगडावर घासायची, मधोमध भोक पडलं की झालं सालकाढणं तयार! त्या भोकाच्या धारेने कैरीची साल सर्रकन निघते. तान्ह्या बाळाला दूध पाजायलाही शिंपीच वापरत. तुमच्या आजीला विचारून पाहा, तिला नक्की आठवत असेल.

शिंपला हा मृदुकाय प्राणी. म्हणजे गोगलगाय आणि समुद्रातला ऑक्टोपस हे त्याचे नातेवाईक. त्याचं अंग मऊ असतं आणि ते दोन झाकणांच्या कवचात बंद असतं. झाकणं एका बाजूला बिजागरीसारखी जोडलेली असतात. आत दोन दणकट स्नायू असतात, ते आवळले की कवच मिटतं. पुढच्या बाजूने जिभेसारखा एक मांसल भाग बाहेर येतो, तो त्याचा पाय! ह्या पायाने तो रेतीत रुततो आणि हळूहळू सरकतोही. शांत पाण्याच्या तळाशी रेतीवर एखादी लांबट चर ओढलेली दिसली, तर तिच्या टोकाशी शिंपला असण्याची शक्यता असते.

आपल्या नद्या-तलावांत सापडणाऱ्या मोठ्या, लांबट शिंपल्याचं शास्त्रीय नाव लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस. लामार्क ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१९ साली त्याचं वर्णन केलं. तो साधारण ७ ते १० सेंटिमीटर लांब असतो. त्याच्यापेक्षा लहान, गोलसर आणि जाड कवचाचा दुसरा एक शिंपला मिळतो, तो पॅरेसिया. आणि नखाएवढे, पिवळसर, अंगावर गोल गोल रेघा असलेले शिंपले दिसले तर ते बहुतेक कॉर्बिक्युला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने १९८९ साली गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांवर एक जाडजूड पुस्तकच काढलं, त्यात ह्या सगळ्यांची माहिती आहे.

कवचाच्या आतली चमक तुम्ही पाहिली असेल. ह्याच चमकदार थरापासून बिहारमधल्या मेहसी गावात शर्टाची बटणं बनवण्याचा धंदा चालत आला आहे. आणि मोती? स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, ही गोष्ट ऐकायला छान आहे. पण खरी हकीकत अशी, की अंगात काही टोचणारं शिरलं की शिंपला त्याच्याभोवती तोच चमकदार थर चढवत राहतो. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेत १९८७ पासून ह्यावर संशोधन सुरू झालं आणि ज्या शिंपल्यांत मोती तयार केले गेले त्यांत आपला लॅमेलिडेन्सही आहे. पण लक्षात ठेवा, मोती पिकवणारे लोकसुद्धा पहिली काळजी घेतात ती शिंपल्याच्या जेवणाची!

ना डोकं, ना दात, मग जेवतो कसा?

शिंपल्याला डोकं नसतं. दात नसतात, जीभ नसते. तरीही तो दिवसातले कित्येक तास जेवत असतो.

तो रेतीत अर्धा रुतून बसला, की मागचं टोक वर असतं. थोडा वेळ हालचाल न करता टाकीसमोर बसा. कवच किंचित उघडेल आणि त्या टोकाला दोन फटी दिसतील. एका फटीच्या कडेला बारीक झालर असते. त्या फटीतून पाणी आत जातं आणि दुसऱ्या फटीतून बाहेर पडतं. आत पाणी जातं कल्ल्यांवरून. कल्ल्यांवर अतिशय सूक्ष्म केस असतात, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. हे केस सतत हलत राहतात, म्हणून पाण्याचा प्रवाह चालू राहतो. पाण्यातले बारीक कण कल्ल्यांवरच्या चिकट द्रवात अडकतात आणि केसांवरून सरकत सरकत तोंडापाशी पोचतात.

म्हणजे एकाच अवयवाने श्वास घ्यायचा आणि त्यानेच अन्न गोळा करायचं! तोंडाशी आणखी निवड होते. चालण्यासारखे कण आत जातात. नको असलेल्या कणांची गोळी करून ती बाहेर टाकली जाते. टाकीत शिंपल्याजवळ कधी कधी मऊ मातकट गोळ्या दिसतात, त्यांत त्याची विष्ठाही असते आणि हे 'परत केलेलं' अन्नही असतं.

आता ह्या कणांचा आकार किती? एका मिलिमीटरचे शंभर भाग करा. त्यातल्या एक-दोन भागांएवढा, किंवा त्याहूनही बारीक. म्हणजे माशांचे दाणे, पोळीचे तुकडे, कोथिंबिरीची पानं ह्यातलं काहीही त्याच्या कामाचं नाही. त्याला लागतं पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, जिवाणू आणि कुजलेल्या पानांचा अगदी बारीक चुरा. नदीच्या पाण्याला जो हिरवट-मातकट रंग असतो ना, तोच शिंपल्याचा वरण-भात!

स्वच्छ टाकी म्हणजे रिकामं ताट

आता आपली टाकी आठवा. पाणी कसं? काचेसारखं! फिल्टर चोवीस तास चालू. दर रविवारी बाबा पाणी बदलतात. टाकी दिवाणखान्यात, उन्हापासून दूर, म्हणजे शेवाळ वाढायला जागाच नाही. माशांना हे सगळं मानवतं. शिंपल्याच्या दृष्टीने मात्र हे रिकामं ताट आहे.

पूर्ण वाढलेला शिंपला दिवसभरात कित्येक लिटर पाणी गाळतो. छोट्या टाकीत जे थोडंफार सूक्ष्म अन्न असतं ते तो काही दिवसांत संपवतो. पुढे? पुढे तो अंगातला साठा वापरायला लागतो. त्याचं शरीर फार सावकाश चालतं, म्हणून उपाशीपोटी तो आठवडेच काय, काही महिनेही काढू शकतो. आतलं मांस मात्र आक्रसत जातं. बाहेरून कवच जसंच्या तसं! म्हणून घरचे म्हणतात, "पाहा, दोन महिने झाले, काही न खाता मजेत आहे."

"शिंपला टाकी साफ करतो" हे वाक्यही अर्धंच खरं आहे. तो तरंगणारे कण गोळा करतो, म्हणून पाणी नितळ दिसतं. पण तळाशी पडलेला माशांचा कचरा तो खात नाही. शिवाय जे खातो त्याची विष्ठा टाकीतच राहते. तेव्हा झाडूवाला म्हणून शिंपला आणू नका. तो आणखी एक पाळीव प्राणी आहे, त्यालाही रोजचं जेवण लागतं.

करून पाहा: दोन बरण्या

शिंपला खरंच जेवतो का, हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर हा सोपा प्रयोग करा.

सारख्या आकाराच्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या घ्या. दोन्हींत फिकट हिरवं शेवाळाचं पाणी सारखंच भरा. हे पाणी कसं करायचं ते पुढे दिलं आहे. एका बरणीत शिंपला ठेवा, दुसरी तशीच राहू द्या. दोन्हींच्या मागे वर्तमानपत्राचा कागद उभा करा. बरण्या सावलीत ठेवा आणि त्यांना धक्का लावू नका. सुरुवातीला शिंपला रुसून कवच मिटून बसेल. बसू द्या. तासाभराने तो उघडेल.

दर तासाला पाहा, कोणत्या बरणीतून अक्षरं स्पष्ट वाचता येतात? वेळ लिहून ठेवा. पाच-सहा तासांत फरक कळायला हवा. दुसरी बरणी कशाला, असं काहीजण विचारतील. शेवाळ आपोआपही थोडं तळाला बसतं. दुसरी बरणी नसेल तर शिंपल्याचं काम किती आणि आपोआप बसलेलं किती, हे कळणार कसं? प्रयोग झाला की शिंपला लगेच टाकीत परत ठेवा. बरणीत त्याला रात्रभर ठेवू नका.

हिरवं पाणी घरच्या घरी

१. स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकचा ५ ते १० लिटरचा डबा किंवा बरणी घ्या.

२. टाकीचं पाणी बदलताना निघालेलं जुनं पाणी त्यात भरा. माशांच्या विष्ठेमुळे ह्या पाण्यात शेवाळाला लागणारं खत आयतंच असतं.

३. टाकीच्या काचेवर हिरवा थर असेल तर तो खरवडून थोडा त्यात टाका. हे झालं विरजण!

४. डब्याच्या तोंडावर जुन्या मलमलीचं फडकं घट्ट बांधा. हे विसरू नका. उघड्या पाण्यात डास अंडी घालतात आणि डेंग्यू घरात येतो.

५. डबा सकाळचं ऊन मिळेल अशा खिडकीत ठेवा. रोज एकदा हलवा. मार्च ते जून आपल्याकडचं ऊन डब्याला शिजवून काढेल, त्या दिवसांत डबा सावलीत पण उजेडात ठेवा.

८ ते १५ दिवसांत पाणी हिरवं होतं. चांगल्या हिरव्या पाण्याला ओल्या गवतासारखा किंवा तळ्यासारखा वास असतो. कुजका वास आला, पाणी तपकिरी झालं किंवा तारा सुटल्या तर ते ओतून द्या आणि नव्याने सुरुवात करा. दोन डबे आलटूनपालटून लावले तर कधी खंड पडत नाही.

एक सूचना. उन्हाळ्यात कुलरच्या टाकीतही हिरवं पाणी होतं, ते मात्र घेऊ नका. पाणी उडून उडून त्यात क्षार साठलेले असतात, पत्र्याचा गंज असतो आणि डासांच्या अळ्याही असतात.

वाढायचं किती आणि केव्हा?

४० लिटरच्या टाकीत एकच शिंपला ठेवा. दोन ठेवले तर जेवण दोघांना पुरवणं कठीण.

रोज, किंवा निदान एक दिवसाआड, पेलाभर हिरवं पाणी शिंपल्याच्या जवळ अगदी सावकाश सोडा. बिनसुईची मोठी सिरिंज किंवा लांब नळी वापरली तर सोपं जातं. त्याच्या फटीत नळी खुपसू नका, वीतभर दूर सोडलं तरी तो ओढून घेतो. त्या वेळी फिल्टर तास-दोन तास बंद ठेवा, नाहीतर शिंपल्याच्या तोंडचा घास फिल्टरच खाऊन टाकेल! हवा सोडणारा पंप मात्र चालूच राहू द्या. आणि नंतर फिल्टर आठवणीने सुरू करा.

प्रमाण बरोबर आहे की नाही, हे पाणीच सांगतं. टाकीला फिकट हिरवी छटा यावी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ती निघून जावी. गेली नाही तर पुढच्या वेळी कमी वाढा. दोन तासांतच पाणी नितळ झालं तर थोडं जास्त द्या.

हिरवं पाणी तयार नसेल तेव्हा स्पिरुलिना किंवा क्लोरेला ह्या शेवाळांची भुकटी चालते. औषधांच्या मोठ्या दुकानात किंवा माशांच्या दुकानात ती मिळते. सुरीच्या टोकावर मावेल एवढीच घ्या, कपभर पाण्यात घालून खूप हलवा, फडक्यातून गाळा आणि मग द्या.

आता काय द्यायचं नाही ते. दूध, बेसन, तांदळाची पेज, अंड्याचा बलक, यीस्ट ह्यातलं काहीही टाकीत टाकू नका. पाणी पांढुरकं झालं की पोट भरलं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते सडतं, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि शिंपल्याबरोबर मासेही जातात.

रेती, पाणी आणि वऱ्हाडचा उन्हाळा

शिंपल्याला बसायला रेती हवी. बारीक, धुतलेली रेती ८ ते १० सेंटिमीटर जाडीची टाका. दुकानातले रंगीत टोकदार खडे नकोत, त्यांत त्याला रुतता येत नाही आणि पायाला इजा होते.

नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं. ते पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवा आणि मग वापरा. अकोल्याला काटेपूर्णेचं आणि अमरावतीला ऊर्ध्व वर्धेचं पाणी येतं, ते धरणाचं गोडं पाणी असल्यामुळे चालतं. विहिरीच्या पाण्यात चुन्याचा अंश असेल तर तो कवच बनवायला उपयोगीच पडतो. पण दर्यापूर, भातकुली, अकोट, बाळापूर भागातल्या मुलांनी जपायला हवं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुम्हाला माहीतच आहे. तिथल्या बोअरचं खारट पाणी माणसाला पिववत नाही, तर गोड्या पाण्यातल्या शिंपल्याला कसं सोसेल?

दुसरा शत्रू तांबं. संत्र्याच्या झाडांना बोर्डो मिश्रण लावतात ना? त्यात मोरचूद असतं, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. तांब्याचा अगदी थोडा अंशही शिंपल्या-गोगलगायींना विषासारखा असतो. म्हणून फवारणीची बादली टाकीजवळही आणू नका. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं, टाकीत शिंपला असेल तर औषध देण्याआधी बाटलीवरची माहिती बाबांना वाचायला सांगा.

आणि उन्हाळा! अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नदीतला शिंपला तेव्हा खोल डोहात किंवा ओल्या गाळात रुतून बसतो. टाकीत तो कुठे जाणार? पाणी तापलं की त्यात प्राणवायूही कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांच्या पाण्यात तो ७ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. म्हणून पाणी ३० अंशांच्या आसपास राहील असं पाहा. टाकी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा, बाहेरून ओलं फडकं गुंडाळा, पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर येऊ द्या. फार गरम झालं तर पाणी गोठवलेली बंद बाटली टाकीत तरंगत ठेवा. बर्फ थेट टाकू नका. वीज गेली तर हवेचा पंप बंद पडतो, तेव्हा पेल्याने टाकीतलंच पाणी वर घेऊन उंचावरून हळूहळू परत ओता.

जिवंत की मेलेला?

रोज सकाळी शिंपला कुठे आहे ते पाहा. तो रेतीत पूर्ण दडला असेल तर शोधा, कारण मेलेला शिंपला रात्रीत सगळी टाकी नासवतो.

बोटाने हळूच शिवा. जिवंत शिंपला कवच मिटतो. कवच उघडंच राहिलं, आतलं अंग सैल पडलं किंवा घाण वास आला, तर तो गेला असं समजा. लगेच बाहेर काढा आणि निम्मं पाणी बदला.

भुकेच्या खुणा त्याआधी दिसतात. फटी दिवसेंदिवस उघडत नाहीत. शिवल्यावर कवच फार सावकाश मिटतं. तो रेतीत रुतायचं सोडून आडवा पडून राहतो. हे दिसलं की हिरवं पाणी वाढवा, पाण्याचं तापमान पाहा, आणि तो नदीतला असेल तर त्याला परत सोडण्याचा विचार करा.

शिंपल्याची पिल्लं माशाच्या अंगावर!

"टाकीत शिंपल्याला पिल्लं होतील का?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. लॅमेलिडेन्सची मादी पिल्लांना आधी आपल्या कल्ल्यांतच सांभाळते. मग हजारो चिमुकली पिल्लं पाण्यात सोडते. डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढी दिसणारी ही पिल्लं येणाऱ्या-जाणाऱ्या माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात. काही दिवस माशाच्या अंगावर राहतात, तिथेच त्यांचं रूप बदलतं, आणि मग ती गळून रेतीत पडतात. योग्य मासा भेटला नाही तर पिल्लू मरतं. मासाच त्यांना नदीत वरच्या अंगाला घेऊन जातो. नाहीतर इतका मंद प्राणी प्रवाहाच्या उलट कसा गेला असता?

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी लॅमेलिडेन्सच्याच एका जातीचं वर्षभराचं प्रजननचक्र अभ्यासलं आणि तो अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. हा आपल्या ओढ्या-नाल्यांतला प्राणी शास्त्रज्ञांच्या दृष्टीने मोलाचा आहे, तो असा.

घरच्या टाकीत पिल्लं जगणं जवळजवळ अशक्य. योग्य मासा हवा आणि गळून पडलेल्या पिल्लांना रोज अतिसूक्ष्म अन्न हवं.

नदीतून आणावा का?

हा प्रश्न शेवटी ठेवला, पण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

शिंपला सावकाश वाढतो. युरोपातल्या थंड नद्यांतले काही शिंपले तर शंभर वर्षांहून अधिक जगतात. एक शिंपला उचलला म्हणजे कित्येक वर्षांची वाढ उचलली. उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या सुमारे ३०० जाती होत्या. बटणांसाठी त्यांचा बेसुमार उपसा झाला, नद्यांवर धरणं बांधली गेली, पाणी दूषित झालं आणि त्यातल्या कित्येक जाती कायमच्या संपल्या. आता तिथे हॅचरीत शेवाळ खाऊ घालून पिल्लं वाढवतात आणि नद्यांत सोडतात. म्हणजे तिथले शास्त्रज्ञही तेच करतात, जे तुम्ही खिडकीतल्या डब्यात करणार आहात!

आपल्याकडेही रेती उपसली की शिंपल्याचं घरच जातं. गटाराचं पाणी आणि शेतातली औषधं वाहून आली की तो पहिला मरतो, कारण त्याला पळता येत नाही आणि तेच पाणी गाळत बसावं लागतं. शिंपले गेले की उघड्या चोचीच्या बलाक पक्ष्याचं खाद्यही जातं.

म्हणून हे नियम पाळा. काटेपूर्णा अभयारण्यातून किंवा मेळघाटातून काहीही उचलायचं नाही, तिथे कायद्यानेच मनाई आहे. इतर ठिकाणी शिंपला सापडला तर हातात घ्या, नीट पाहा, मोजा, चित्र काढा आणि जिथून उचलला तिथेच, मागचं टोक वर येईल असा, रेतीत ठेवून द्या. पाळायचाच असेल तर आधी हिरवं पाणी तयार करा आणि नंतरच एक शिंपला आणा. उलट क्रम नको. नदीतला शिंपला सांभाळणं जमत नाही असं वाटलं, तर तो धडधाकट असतानाच, जिथून आणला त्याच जागी सोडा. दुकानातून विकत घेतलेला शिंपला मात्र कधीही नदीत किंवा तलावात सोडू नका. तो कुठल्या मुलखातला आहे आणि सोबत कोणते रोग आणतो, हे आपल्याला ठाऊक नसतं.

आई-बाबांनाही एक विनंती. मुलाने शिंपला घरी आणला तर "फेकून दे ती घाण" म्हणू नका आणि "राहू दे, त्याला काही लागत नाही" असंही म्हणू नका. "तू त्याला काय खायला देणार?" एवढंच विचारा.

आणि मित्रांनो, एक वही करा. तारीख, पाण्याचं तापमान, किती पेले हिरवं पाणी दिलं, फटी उघडल्या का, शिवल्यावर कवच मिटलं का, हे पाच रकाने आखा. महिन्याच्या पहिल्या तारखेला पट्टीने शिंपल्याची लांबी मोजा. एखाद्या मिलिमीटरची वाढ दिसायलाही बरेच महिने लागतील. पण ती दिसली, तर समजा की तुमचा पाहुणा पोटभर जेवतो आहे.